भूमकर चौकातली बचत

पुण्यात जुनी गाडी पाहायला एकटा माणूस कधी जात नाही. घेणारा असतो, त्याचा मेव्हणा असतो, मेव्हण्याच्या ओळखीचा मेकॅनिक असतो, आणि पार्किंगमध्ये पोचेपर्यंत विकणाऱ्याच्या सोसायटीतले एक निवृत्त काका आपणहून सामील झालेले असतात. मग विधी सुरू होतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, ऑइलचं झाकण काढून धूर मारते का ते बघतो, मागे जाऊन सायलेन्सरमध्ये बोट फिरवून काजळी तपासतो आणि आत बसलेल्याला हुकूम सोडतो, "द्या रेस."

एरंडवण्यातल्या एका पार्किंगमध्ये एका रविवारी हा विधी पहिल्याच पायरीवर अडला.

"आधी चालू तर करा गाडी."

"चालू आहे."

"कुठंय चालू?"

"हे काय, 'रेडी' म्हणतीये."

मेकॅनिकने बॉनेटला कान लावला. काकांनी दुसऱ्या बाजूने लावला. आत काही हालचाल नव्हती. नाडी लागत नाही पण रोगी तर हसून बोलतोय, अशा वेळी वैद्याचं जे होईल ते मेकॅनिकचं झालं. तीस वर्षं त्याने आवाजावरून टॅपेट, टायमिंग चेन आणि मालकाचा स्वभाव ओळखला होता. आवाजच नाही म्हटल्यावर त्याने इंजिनाला हात लावून बघितला, हात पँटला पुसला आणि म्हणाला, "इंजिन एक नंबर आहे." काहीतरी म्हणायला हवंच होतं. यायचे पाचशे रुपये ठरले होते.

गाडी हायब्रिड होती. म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही आहे, आणि त्या क्षणी कोणी काम करायचं हे दोघं आपसात ठरवतात. चालवणाऱ्याला विचारत नाहीत. घेणारा गृहस्थ कोथरूडचा, वय ४३, नोकरी हिंजवडी फेज तीनमध्ये. घरापासून ऑफिसपर्यंत बावीस किलोमीटर. चांदणी चौक, बावधन, बाणेर, बालेवाडी, वाकडचा पूल, भूमकर चौक ही स्थळं त्याला एखाद्या वारकऱ्याला मुक्काम पाठ असावेत तशी पाठ होती, आणि मुक्कामही तितकेच लांबत होते. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला तेव्हा हा गृहस्थ मध्यरात्री जागून टीव्हीवर तो सोहळा बघत होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा पूल सुरू झाला आणि तिथे वाचणारी दहा मिनिटं पुढे वाकडच्या पुलावर नियमाने खर्च होऊ लागली.

सीएनजी त्याने नाकारली, कारण पंपावरची रांग ही ऑफिसच्या वाटेवरच्या रांगेत आणखी एक भर. इलेक्ट्रिक नाकारली, कारण पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट बसवायचा तर सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागते, आणि कमिटीत दोन तट आहेत. उरली हायब्रिड. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी.

आता "किती देते?" याच्याकडे येऊ. मराठी माणूस गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो, रंग नंतर. आपल्याकडे सध्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या हायब्रिडपैकी टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा यांचा चाचणीतला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, होंडा सिटी हायब्रिडचा २०२२ सालचा २६.५, आणि इनोव्हा हायक्रॉससारख्या धिप्पाड गाडीचा २३.२४. तिन्ही आकडे चाचणीच्या रुळांवरचे आहेत, जिथे भूमकर चौक नसतो. पण गंमत अशी की इतर गाड्यांचं जे ॲव्हरेज भूमकर चौकात बुडतं, ते हायब्रिडचं तिथेच वर येतं. गाडी रांगेत उभी असते तेव्हा इंजिन बंद असतं, एसी मात्र चालू असतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. पुढचा रिक्षावाला अर्धा फूट सरकला की ही मोटरवर अर्धा फूट सरकते. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी होऊन जनरेटर बनते आणि एरवी ब्रेकच्या घर्षणात जळून जाणारी ताकद बॅटरीत साठवते. वाहतूक कोंडीतून काही परत मिळवणारं हे पुणे परिसरातलं बहुधा एकमेव यंत्र असावं.

इंजिनही जरा वेगळ्या वळणाचं असतं. ॲटकिन्सन सायकल म्हणतात त्याला. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो; इंधन कमी लागतं, पण जोरही कमी पडतो. म्हणजे घरात काटकसरी काका आणि हौशी काकू असतात तसं. काका एकटे असते तर सिग्नल सुटल्यावर मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव घेतला असता. पण जोर लागेल तिथे काकू, म्हणजे मोटर, पटकन पुढे होते. म्हणूनच ही जोडी शहरात सुखी दिसते आणि एक्स्प्रेस-वेवर जरा कमी. शंभरच्या स्थिर वेगात काकांनाच सगळं ओढावं लागतं, आणि खंडाळ्याचा घाट चढताना छोटी बॅटरी रिकामी होत आली की काका आवाज चढवतात. ज्याचा रोजचा प्रवास म्हणजे एक्स्प्रेस-वेच, त्याने हायब्रिडच्या मागे लागू नये. डीझेल वाईट नाही.

गृहस्थाने कागदावर हिशेब मांडला, कारण बायकोला तोंडी हिशेब चालत नाही. महिन्याला ११०० किलोमीटर. या रस्त्यावर साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी लिटरला ११ देईल असं धरलं, तर १०० लिटर. हायब्रिड २२ देईल असं धरलं, तर ५० लिटर. लिटरचे शंभर रुपये धरू, वरचे रुपये हिशेब सोपा व्हावा म्हणून सोडून देऊ. महिन्याला पाच हजार वाचले, वर्षाला साठ हजार. त्याच वयाच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जुन्या हायब्रिडला अडीच लाख जास्त पडले, तर ते फिटायला चार वर्षं आणि वर थोडे महिने. बायकोने कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "आणि वर्क फ्रॉम होम झालं तर?" तो प्रश्न अजून अनुत्तरित आहे. मेव्हण्याचं ऑफिस घरापासून साडेपाच किलोमीटरवर. त्याच कागदावर त्याचा हिशेब मांडला तेव्हा पैसे फिटायला सोळा वर्षांहून जास्त लागत होते, तरी हायब्रिडच घे असा आग्रह सगळ्यात जास्त त्याचाच होता.

बाजारात उतरल्यावर पहिला शोध लागला तो हा, की हायब्रिड या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि विकणारा सोयीचा तेवढा सांगतो. गृहस्थाला फोनवर "हायब्रिड आहे साहेब, सिंगल हँड, टकाटक" म्हणून सांगितलेली पहिली गाडी निघाली २०१६ ची सियाझ डीझेल, पाच गिअरची, क्लच असलेली. मागे हायब्रिडचा बिल्ला होता, हे खरं. ही सौम्य हायब्रिड. तिच्यात पट्ट्याला जोडलेला एक स्टार्टर-जनरेटर असतो, तो इंजिनाला जरा हात लावतो. पण नुसत्या विजेवर गाडी एक इंचही चालत नाही. एप्रिल २०१५ मध्ये केंद्राची 'फेम' योजना आली तेव्हा अशा गाड्यांनाही अनुदान मिळत होतं. एप्रिल २०१७ पासून सरकारने ते काढून घेतलं. बिल्ले मात्र कोणी काढून घेतले नाहीत, आणि जुन्या बाजारात ते आजही दिमाखात मिरवतात. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर तर सौम्य आणि अस्सल अशा दोन्ही रूपांत आल्या, दिसायला जुळ्या. आरसीवर 'पेट्रोल/हायब्रिड' एवढंच वाचून समाधान मानू नये. सौम्य गाडीच्या आरसीवरही तेच असू शकतं. साधी खूण अशी: क्लच असेल तर ती आपली नव्हे. आणि नसला, तरी बटण दाबल्यावर इंजिन न लागता गाडी पार्किंगमधून सरकते का, ते बघावं.

दुसरा मोह जास्त धोक्याचा होता. कारण तो स्वस्त होता.

होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड भारतात आणली, किंमत साडेएकवीस लाख. गाड्या उठेनात, म्हणून त्याच वर्षी किमतीत आठेक लाखांची घट केली, आणि मग त्या पटापट उठल्या. आता त्यातल्या काही गाड्या जुन्या बाजारात नव्या स्कूटरच्या आसपासच्या भावात दिसतात. फोटोत सुंदर दिसतात. मेव्हणा हळवा झाला. पण २००८ च्या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षं २०२३ मध्येच संपली. तिची फेरनोंदणी झाली आहे का, हा पहिला प्रश्न, आणि इतक्या जुन्या हायब्रिडची बॅटरी या देशात आणायची कुठून, हा दुसरा. त्यात या मॉडेलचं नाव अमेरिकेत एका खटल्यामुळे गाजलेलं. कॅलिफोर्नियातल्या हेदर पीटर्स या बाईंनी २००६ ची सिव्हिक हायब्रिड घेतली होती. जाहिरातीत गॅलनला ५० मैल, म्हणजे लिटरला एकवीसेक किलोमीटर. त्यांना मिळत होते ३० मैल. बाई पूर्वाश्रमीच्या वकील. त्या टॉरन्सच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेल्या, जिथे कंपनीला वकील उभा करता येत नाही, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ९,८६७ डॉलरचा निकाल घेऊन बाहेर आल्या. मे महिन्यात अपिलात तो निकाल फिरला, ही गोष्ट वेगळी. "किती देते?" या प्रश्नावरून जगात कोणी कोर्टाची पायरी चढला तो माणूस पुण्याचा नव्हता, हे वाचून गृहस्थाला थोडं वाईट वाटलं.

सोसायटीतल्या काकांचा मुद्दा मात्र एकच होता आणि तो ते प्रत्येक गाडीपाशी मांडत: "बॅटरी गेली की गाडी भंगारात."

या भीतीचं माप आधी घ्यायला हवं. हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीची क्षमता ०.७६ युनिट. तेवढ्या विजेत गीझरवर आंघोळीची एक मोठी बादली कढत होते. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी याच्या कितीतरी पट असते. पहिली नेक्सॉन इव्ही ३०.२ युनिटची होती. म्हणजे काका ज्या बॅटरीला घाबरत होते ती भलतीच होती. हायब्रिडची बॅटरी हे कोठार नाही, ती हातखर्चाची थैली आहे. दिवसभर थोडं येतं, थोडं जातं. शिवाय ती पूर्ण भरूही देत नाहीत आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाहीत, म्हणून ती टिकते. टोयोटा, मारुती आणि होंडा या तिघी या गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. २०२३ ची गाडी असेल तर २०३१ पर्यंत काकांना वाट पाहावी लागेल.

प्रियस ही टोयोटाची पहिली मोठ्या संख्येने बनलेली हायब्रिड. ती जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली, म्हणजे या भीतीला पाव शतकाहून जास्त काळ झाला आणि उत्तरही मिळालेलं आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून जास्त पळालेली २००२ ची प्रियस शोधून काढली आणि दहा वर्षांपूर्वी त्याच मॉडेलची जशी चाचणी घेतली होती तशीच पुन्हा घेतली. तेव्हाचं ॲव्हरेज गॅलनला ४०.६ मैल, आताचं ४०.४. सव्वातीन लाख किलोमीटरमध्ये शून्य पूर्णांक दोन दशांशाने उतरलेलं ॲव्हरेज! एवढ्या अंतरात माणसं केवढी उतरतात.

मंगोलियाचं उदाहरण त्याहून मजेदार. उलानबातरमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत जातो. तिथल्या रस्त्यांवर जपानमधून आलेल्या जुन्या प्रियसचा सुळसुळाट आहे. मंगोलियात वाहनं रस्त्याच्या उजवीकडून जातात आणि या गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच, तरी कुणाची तक्रार नाही. सरकारने हायब्रिडला करात सूट दिली हे एक कारण. दुसरं लोक सांगतात ते असं, की साधी गाडी त्या थंडीत स्टार्टरने खोकत बसते आणि हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायला मोठी बॅटरी असते, त्यामुळे ती सकाळी सरळ उठते. म्हणजे जपान्यांनी वापरून टाकलेल्या बॅटऱ्या गोठलेल्या देशात वर्षानुवर्षं चालताहेत, आणि इकडे एरंडवण्यातले काका तीन वर्षांच्या गाडीच्या बॅटरीचे दिवस मोजताहेत.

आता हायब्रिड खरोखर कुठे रुसते ते. पहिलं ठिकाण म्हणजे जाळी. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवायला केबिनमधलीच हवा आत ओढतात आणि त्या हवेची जाळी मागच्या सीटच्या आसपास असते. जपानी इंजिनिअरने ती तिथे बसवली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शिस्तीत बसलेलं जपानी कुटुंब होतं. आपल्याकडे मागच्या सीटवर भडंग असतो, शेंगांची टरफलं असतात, लॅब्रॅडॉर असतो, आणि नवी गाडी घेतली त्याच दिवशी हौसेने चढवलेलं जाडजूड सीट कव्हर असतं, जे जाळीवर नेमकं बसतं. गृहस्थाने पाहिलेल्या एका गाडीत ती जाळी उघडल्यावर आतून चुरमुरे आणि सोनेरी केस निघाले. मालक म्हणाले, "कुत्रा आमचा नाही, भावाचा." कुत्रा कोणाचा, याने बॅटरीला फरक पडत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे छोटी बॅटरी. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीच्या जोडीला नेहमीची बारा व्होल्टची बॅटरीही असते, आणि ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही, कारण कॉम्प्युटर जागे करण्याचं काम छोटीचं. पुण्यात याला एक खास स्थानिक कारण आहे: आजी-आजोबा सहा महिने मुलाकडे न्यूजर्सीला जातात, आणि गाडी कव्हरखाली. अशा गाडीची जाहिरात ठरलेली असते. "ज्येष्ठ नागरिक, फक्त १४ हजार किलोमीटर, देवळात आणि डॉक्टरकडे." साध्या गाडीत हे भूषण असेल. हायब्रिडला पडून राहणं मानवत नाही, अधूनमधून अर्धा तास तरी ती चालवायला हवी. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर रोज हिंजवडीला जाऊन पन्नास हजार किलोमीटर झालेली, दर वर्षी अधिकृत ठिकाणी सर्व्हिस केलेली गाडी त्या १४ हजारवालीपेक्षा बरी. हे मत विकणाऱ्या आजोबांना सांगू नये.

तिसरं ठिकाण म्हणजे पाणी. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतले पार्किंग भरले, ते फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर त्यातल्या काही गाड्या कुठे कुठे गेल्या असतील, याचा विचार जुनी गाडी घेणाऱ्याने करावा. आणि पाणी फक्त पुण्यातच भरतं असं नाही, चेन्नईच्या गाड्याही फिरत फिरत येतात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची आडवी रेघ दिसली तर आभार मानून निघायचं. सीटखालच्या रुळांना गंज, डिकीच्या तळाला कुबट वास, आणि त्यावर चार-चार एअर फ्रेशनर, हे सगळं एकच गोष्ट सांगतं. हायब्रिडची बॅटरी बहुधा मागे, खाली असते, म्हणून इथे दया दाखवू नये.

डिकीचं निघालंच आहे तर सांगायला हवं: बॅटरी कुठेतरी बसणार, ती तुमच्या सामानाच्या जागेत बसते. साध्या ग्रँड व्हिटाराची डिकी ३७३ लिटरची, हायब्रिडची २६५. पेट्रोल सिटीची ५०६, हायब्रिडची ३०६. गृहस्थाची सासुरवाडी देवगडची आहे. मे महिन्यात तिथून आंबे येतात, तांदूळ येतो, कोकम येतं, आणि फणस येतो. फणस कुठे बसेल हा प्रश्न सासूबाईंनी फोनवर विचारला. मेव्हणा म्हणाला, मागच्या सीटवर. जाळीचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

यानंतर सहा आठवडे हायरायडर की ग्रँड व्हिटारा यात गेले. दोन्ही हायब्रिडचं इंजिन एकच, १४९० सीसीचं, तीन सिलिंडरचं, बॅटरी एकच, आणि दोन्ही बनतात बंगळूरजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यात. फरक तोंडवळ्याचा आणि बिल्ल्याचा. कारखाना टोयोटा किर्लोस्करचा, हे कळल्यावर मात्र गृहस्थाचे सांगलीचे सासरे अचानक या चर्चेत उतरले, कारण त्यांचं लहानपण किर्लोस्करवाडीच्या आसपास गेलेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर, मग १९१० साली वाडी, तिथून १९९७ साली टोयोटाशी भागीदारी, हा सगळा इतिहास त्यांनी सांगितला आणि निर्णय दिला, "नांगर चालला, ही पण चालेल." (सासुरवाडी देवगडची आणि सासरे सांगलीचे कसे, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. सासूबाई माहेर सोडायला तयार नव्हत्या.)

भावाच्या बाबतीत विकणाऱ्याची एक ठरलेली रीत आहे. तो आजची किंमत सांगत नाही, स्वतःच्या जखमा सांगतो. "ऑन-रोड मला साडेबावीस पडली हो." पडली असेल. पण तेव्हा चार मीटरहून लांब हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला आणि नव्या गाडीची किंमतच खाली आली. घासाघीस नव्या गाडीच्या आजच्या किमतीवरून करायची. आणखी एक स्वस्त वाट मेव्हण्याने शोधली होती. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये अस्सल हायब्रिडना नोंदणीचा कर माफ केला, तेव्हा तिकडची गाडी आणू. आणता येईल. पण मग तिकडची फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स, आणि आरटीओत जाऊन मेव्हण्याने स्वतः रांगेत उभं राहायचं. शेवटच्या अटीवर बेत रद्द झाला.

एरंडवण्याच्या त्या गाडीचं काय झालं? गृहस्थ घरी आला, जेवला, आणि रात्री अकरा वाजता उठून बसला. मेकॅनिकने इंजिनाला लावलेला हात त्याला आठवला. त्याने स्वतःही लावला होता. इंजिन गरम होतं. मालक तर म्हणाले होते, गाडी आठवडाभर उभीच आहे. म्हणजे पाहुणे यायच्या आधी कोणीतरी ती फिरवून आणली होती. हायब्रिडचं गरम इंजिन लगेच सुरूच होत नाही, म्हणून सगळ्यांना ती शांतता मिळाली आणि सगळे प्रसन्न झाले. थंड इंजिन सुरू होताना जे अडखळतं, जो धूर टाकतं, जे खडखडतं, ते कोणी पाहिलं-ऐकलंच नाही. त्या गाडीत खोट होती की नव्हती हे शेवटपर्यंत कळलं नाही. मालक फोन उचलेनासे झाले.

पुढची गाडी निगडीत होती. २०२३ ची, एक मालक, ४८ हजार किलोमीटर. एप्रिल २०२३ नंतर बनलेली, म्हणजे ई-२० पेट्रोलला अनुरूप, हाही मुद्दा होता. आदल्या रात्री फोन करून सांगितलं, "आम्ही सकाळी पावणेसातला येतो, तोवर गाडी चालू करू नका." मालकीणबाई म्हणाल्या, "एवढ्या सकाळी चहाच चालू होत नाही आमच्याकडे, गाडी कुठली?" बॉनेटवर दंव होतं. मेकॅनिकने हात लावला, थंडगार. बटण दाबलं, 'रेडी' आलं, काही सेकंद गेले आणि इंजिन आपणहून सुरू झालं. मेकॅनिकचा चेहरा उजळला. "आला! आला आवाज!" मिनिटभर तो डोळे मिटून ऐकत राहिला, गवयाने तंबोरा ऐकावा तसा. मग इंजिन बंद झालं आणि त्याने मान डोलावली. पुढे अर्धा तास गाडी स्पाइन रोडवर चालवली. बॅटरीच्या कांड्या चढत-उतरत होत्या, पण भसकन रिकाम्या होऊन भसकन भरत नव्हत्या, आणि मागच्या सीटपाशी पंख्याची घरघर नव्हती. तरीही गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावला, जुनी सर्व्हिसची नोंद काढली आणि तारखा आणि किलोमीटर जुळवून पाहिले. बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाला लागू राहील का, हे तिथून ईमेलवर घेतलं. नारंगी वायरींना कोणी हात लावला नाही. त्या उच्च दाबाच्या असतात. मेकॅनिकला हे दोनदा सांगावं लागलं.

इसार दिला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ बँकेने नवव्या दिवशी दिला. विमा चौदा दिवसांत नावावर करायचा असतो, तो अकराव्या दिवशी झाला. नो क्लेम बोनस मालकीणबाईंनी आपल्याकडे ठेवला, तो त्यांचाच होता. दसरा लांब होता, तरी झेंडूचा हार आणला. चाकाखाली लिंबं ठेवली. बायकोने ओवाळलं आणि म्हणाली, "आता चालू करा." "चालू आहे," गृहस्थ म्हणाला आणि गाडी आवाज न करता लिंबांवरून पुढे गेली. हार बांधत असलेला मेव्हणा बाजूला उडी मारून वाचला.

पहिल्या सोमवारी भूमकर चौकात सव्वीस मिनिटं लागली. इंजिन त्यातली पाचेक मिनिटं चालू होतं. मीटरवर लिटरला २३.४ होतं. संध्याकाळी बायकोने दार उघडताच विचारलं, "कसा होता रस्ता?"

"छान," गृहस्थ म्हणाला. "भरपूर ट्रॅफिक होतं."

आरसी अजून पोस्टाने यायची आहे.